सगळे डी.एड.ला गेले तेव्हा मी दगडं शिकायला गेलो (बारावीनंतरच्या पोरापोरींसाठी)

माझा बारावी सायन्सचा निकाल 2006 चा, गाव जळगाव जिल्ह्यातल्या पारोळा तालुक्यात. त्या जूनमध्ये गल्लीत एकच विषय, डी.एड.ला, म्हणजे शिक्षकाच्या कोर्सला, नंबर कुठे लागतो. दोन वर्षं काढायची, मग जिल्हा परिषदेची शाळा, पगार, स्थळं. आणि लोक काही वेडे नव्हते, आधीच्या बॅचची पोरं खरंच लागलेली डोळ्यासमोर होती. माझे मार्क पण बसत होते, तरी मी बी.एस्सी.ला जिऑलॉजी (भूगर्भशास्त्र) घेतलं. आप्पा आठ दिवस बोलले नाहीत आणि मोठे काका ओट्यावर सगळ्यांदेखत म्हणाले, "दगडं शिकीसन काय करशी भो?"

पुढचं तुम्ही घरात ऐकलंच असेल. डी.एड. कॉलेजं तालुक्यातालुक्यात निघाली, 2010 च्या शिक्षक सीईटीनंतर भरती आटली, 2012 ला बंदच झाली, 2013 ला टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आली, मग शिक्षक भरतीचं पवित्र पोर्टल. माझ्यासोबतची चांगली शिकवणारी पोरं वयाची तिशी ओलांडेपर्यंत वाट बघत राहिली, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

पण म्हणून मी तेव्हा बरोबर विचार केला होता असं मी कोणालाच सांगत नाही. मी फक्त चिडलेलो होतो. सगळे तिकडे चालले म्हणून मी इकडे, म्हणजे माझी दिशा पण गर्दीनेच ठरवली ना. विचार करायचाच होता तर दोन आकडे शोधायचे होते, दरवर्षी किती पोरं पास होऊन बाहेर पडतात आणि दरवर्षी किती जागा निघतात. ते आकडे तेव्हाही मिळाले असते, मी विचारलेच नाहीत आणि गावात कोणीच विचारले नाहीत. तुम्ही आज एमपीएससीसाठी पुण्याला निघालेले असा नाहीतर कुठला एआयचा कोर्स लावणार असा, आधी हे दोन आकडे वहीत लिहा आणि त्या लाइनमध्ये पाच वर्षं झालेल्या तिघांना भेटा, त्यातला एक तरी न लागलेला पाहिजे. लागलेला माणूस सत्काराला सापडतो, न लागलेल्याला शोधावं लागतं.

खरा धडा मला विहिरींनी दिला. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला मी पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या विहिरींचं पाणी टेपने मोजत फिरायचो, काठावर पालथं झोपून टेप सोडायचा, ओलं कुठपर्यंत झालं ते वाचायचं, आणि विहिरीच्या भिंतीत थर बघायचे, वर मुरूम, मग मांजऱ्या (भोकाभोकांचा मऊ खडक), खाली काळा पाषाण. एका शेतात बोअरसाठी पाणी बघणारा बाबा आला. तळहातावर नारळ आडवा, बांधाने चालत चालत एका कोपऱ्यात नारळ उभा झाला आणि पन्नास माणसं एकदम "इथंच" म्हणाली. मला शेजारच्या सहा विहिरींवरून वाटत होतं की तिथे पाषाण लवकर लागेल, म्हणजे पाणी लागणं कठीण. मी बोललो नाही, हिंमत झाली नाही. बोअरची गाडी लागली, तीनशे फुटापर्यंत नुसती करडी भुकटी, चिंचेवर, माणसांच्या केसांवर, सगळीकडे. त्या शेतकऱ्याने कापसाचे पैसे बोअरमध्ये घातले होते, ते गेले. मी बोललो असतो तर ऐकलं असतं का माहीत नाही, पण न बोलणं ही माझी चूक होती.

आता दुसरी बाजू. पुढच्याच वर्षी रेझिस्टिव्हिटी मशीन (जमिनीत वीज सोडून खालचे थर ओळखायचं यंत्र) लावून, चार सळया ठोकून, आलेख काढून मी एक जागा दिली आणि तिथे अर्धा इंच पण पाणी लागलं नाही. त्याच मळ्यात नारळवाल्याच्या जागेला दीड इंच लागलं. रात्रभर झोप नाही. तेव्हापासून वही ठेवली, गाडी लागायच्या आधी तारीख टाकून लिहायचं की मला काय वाटतं, किती फुटावर, आणि का, नंतर काय निघालं ते समोर. नारळवाल्याचं पण आणि माझं पण. एका बोअरवरून कोणीच खरा-खोटा ठरत नाही.

वहीतून अजून एक गोष्ट कळली जी मला कुठल्याच पुस्तकाने इतकी नीट सांगितली नव्हती. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात अशा नारळवाल्या बाबांचं फार नाव, का तर तिथे सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत गाळाची जाड जमीन आहे, पाणी खोल गेलंय पण पुरेसं खोल गेलात तर बहुतेक ठिकाणी लागतंच. तिथे डोळे मिटून बोट ठेवलं तरी माणूस नावाजला जाईल. परीक्षा आमच्या पारोळ्याच्या खडकात होते. म्हणून कोणी म्हटलं की "आमच्या क्लासची इतकी पोरं लागली", तर विचारा, ती पोरं क्लास न लावता किती लागली असती? टॉपर निवडूनच घेतले असतील तर निकाल क्लासचा कसा?

शिरपूर पॅटर्नचं नाव ऐकलं असेल. सुरेश खानापूरकर, भूजल खात्यातून निवृत्त झालेले भूवैज्ञानिक, 2004 पासून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात नाले रुंद आणि खूप खोल करत गेले. खात्याची नेहमीची पद्धत उथळ बंधाऱ्यांची, यांचं म्हणणं की तिथल्या गाळात वरचा पिवळ्या मातीचा थर पाणी मुरूच देत नाही, तो कापल्याशिवाय उपयोग नाही. हा माणूस गर्दीच्या विरुद्ध होता आणि त्याच्याकडे कारण होतं, त्या जमिनीचं. नंतर गंमत बघा, तोच वेगळा विचार फॅशन झाला, गावोगाव पोकलेन लागले, खाली गाळ आहे की पाषाण हे न बघता. भूजलातल्याच बऱ्याच तज्ज्ञांनी आक्षेप घेतला की कठीण खडकाच्या भागात वरचा मुरूमच पाणी धरतो, तोच काढून टाकला तर धरणार काय. मला हा आक्षेप पटतो आणि शिरपूरचं कामही पटतं. लोक विचारतात तुम्ही कोणत्या बाजूचे, मी विचारतो गाव कोणतं.

आणि प्रत्येक बाबतीत वेगळं वागायचं नसतं हे पण सांगतो. जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर, फॉर्मची तारीख, यात सगळे पोरं जे करतात तेच करा आणि त्यांच्या आधी करा. माझ्या एका ज्युनिअरचं फक्त व्हॅलिडिटीपायी वर्ष गेलं. जिऑलॉजीत यायचं असेल तर यूपीएससीची जिओ-सायंटिस्टची परीक्षा असते, भूजल सर्वेक्षण विभागाच्या जागा अधूनमधून निघतात, खाजगीत सर्व्हेची कामं असतात, पण माझ्या मागे येऊ नका, आकडे स्वतः काढा.

आप्पांनी मागच्या उन्हाळ्यात मळ्यातली विहीर मोजायला लावली. मी टेप सोडला, आकडा त्यांनी स्वतः वाचला, मग मला म्हणाले लिही, आणि खाली माझा अंदाज काय होता तोही लिही.