बिंदुप्रभारांचे विद्युत क्षेत्र कसे काढावे: आधी बाण, मग आकडे

विद्युत क्षेत्राचे सूत्र एका ओळीचे आहे आणि ते बहुतेकांना पाठही असते. तरीही दोन प्रभार एकत्र आले की उत्तर चुकते. बहुतेक वेळा ही चूक दिशेची असते. त्यामुळे इथे दिलेल्या पद्धतीत आकडेमोड मुद्दाम मागे ठेवली आहे; सुरुवात आकृतीपासून करायची.

एखाद्या ठिकाणी ठेवलेल्या धनप्रभारावर, प्रत्येक कूलोममागे (कूलोम हे प्रभाराचे एकक) जेवढे बल लागते, तेवढे तिथले विद्युत क्षेत्र. म्हणून त्याचे एकक न्यूटन प्रति कूलोम. व्होल्ट प्रति मीटर हेही तेच एकक आहे. एका बिंदुप्रभारासाठी, म्हणजे एकाच बिंदूवर आहे असे धरलेल्या प्रभारासाठी, सूत्र असे:

क्षेत्र = स्थिरांक × प्रभार ÷ (अंतर)²

अंतराच्या वर्गाचा हा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोम यांनी १७८५ साली पीळ-तराजू (तारेला बसणाऱ्या पिळावरून बल मोजणारे साधन) वापरून मांडला. स्थिरांकाची किंमत ८.९९ अब्ज आहे (न्यूटन, मीटर आणि कूलोम या एककांत). हिशेबाला ९ अब्ज धरले तरी चालते. हा आकडा किती मोठा आहे ते पाहा: १-१ कूलोमचे दोन प्रभार १ मीटरवर ठेवले, तर त्यांच्यातले बल ९ अब्ज न्यूटन येईल, म्हणजे नऊ लाख टनांहून जास्त वजनाइतके. म्हणूनच उदाहरणांत प्रभार नॅनोकूलोममध्ये असतात. नॅनो म्हणजे एक अब्जांश, त्यामुळे अब्ज आणि नॅनो एकमेकांना छेदतात. प्रभार नॅनोकूलोममध्ये आणि अंतर मीटरमध्ये असेल, तर प्रभाराला ९ ने गुणा आणि अंतराच्या वर्गाने भागा. शून्ये मोजत बसावे लागत नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. 'अ' या बिंदूवर +३ नॅनोकूलोम प्रभार आहे. त्याच्या उजवीकडे ४० सेंटीमीटरवर 'ब' इथे −५ नॅनोकूलोम आहे. 'अ'च्या बरोबर वर ३० सेंटीमीटरवर 'प' हा बिंदू आहे. 'प'पाशी क्षेत्र किती?

पहिली पायरी: आकृती आणि बाण. कागदावर तिन्ही बिंदू मांडा. 'प'पाशी एक छोटा धनप्रभार ठेवला आहे असे समजा आणि प्रत्येक प्रभार त्याला कुठे ढकलेल किंवा ओढेल ते बघा. धनप्रभार स्वतःपासून दूर ढकलतो, ऋणप्रभार स्वतःकडे ओढतो. 'अ'मुळे येणारा बाण सरळ वर जातो. 'ब'मुळे येणारा उजवीकडे खाली, 'ब'च्या दिशेने. दोन्ही बाणांचे शेपूट 'प'वरच हवे, कारण क्षेत्र आपल्याला तिथले हवे आहे. प्रभाराच्या चिन्हाचे काम इथे संपले. बाण काढल्यावर सूत्रात पुन्हा उणे चिन्ह घातले, तर दिशा दोनदा उलटते.

दुसरी पायरी: अंतरे, मीटरमध्ये. 'अ' ते 'प' ०.३ मीटर. 'ब' ते 'प' पायथागोरसच्या प्रमेयाने ०.५ मीटर. सेंटीमीटर तसेच ठेवले तर अंतराचा वर्ग होत असल्याने उत्तर दहा हजार पटींनी चुकते.

तिसरी पायरी: प्रत्येक बाणाचे परिमाण. 'अ'मुळे: ९ × ३ ÷ ०.०९ = ३०० न्यूटन प्रति कूलोम. 'ब'मुळे: ९ × ५ ÷ ०.२५ = १८०.

चौथी पायरी: घटक. खरी गोम इथेच आहे. ३०० आणि १८० यांची सरळ बेरीज करायचा मोह होतो, पण हे दोन बाण एका रेषेत नाहीत. प्रत्येकाचा आडवा आणि उभा भाग वेगळा काढावा लागतो. साइन-कोसाइनच्या नादी न लागता हे होते: प्रभार आणि बिंदू यांच्यातले आडवे अंतर भागिले एकूण अंतर, तसेच उभे अंतर भागिले एकूण अंतर. 'प'पासून 'ब' उजवीकडे ०.४ आणि खाली ०.३ मीटर आहे; ०.५ ने भागले की ०.८ आणि ०.६ मिळतात. म्हणून १८० च्या बाणाचा आडवा घटक १४४ उजवीकडे आणि उभा घटक १०८ खाली. 'अ'च्या बाणाला आडवा घटकच नाही. तो सगळा ३०० वर.

पाचवी पायरी: बेरीज. आडवे: १४४. उभे: ३०० − १०८ = १९२. दोन्हींचे वर्ग २०,७३६ आणि ३६,८६४, बेरीज ५७,६००, वर्गमूळ २४०. म्हणजे 'प'पाशी क्षेत्र २४० न्यूटन प्रति कूलोम, आडव्या रेषेपासून सुमारे ५३ अंश वर, उजवीकडे कललेले. सरळ बेरजेने ४८० आले असते, खऱ्या उत्तराच्या बरोबर दुप्पट.

प्रभार तीन असोत वा तीस, कृती हीच: प्रत्येकाचे क्षेत्र बाकीचे नाहीतच असे धरून काढायचे आणि घटकांची बेरीज करायची. याला अध्यारोपणाचे तत्त्व म्हणतात. आकृतीत सममिती असेल तर आधी ती शोधा. चौरसाच्या चारही कोपऱ्यांवर सारखेच प्रभार असतील, तर मध्यबिंदूशी समोरासमोरचे बाण एकमेकांना रद्द करतात आणि क्षेत्र शून्य येते. एकही गुणाकार करावा लागत नाही.

क्षेत्र शून्य कुठे होते, हा प्रश्नही बाणांनीच सोडवावा. +१ आणि +४ नॅनोकूलोम ३० सेंटीमीटर अंतरावर आहेत असे धरा. त्यांना जोडणाऱ्या रेषेवर विरुद्ध बाण फक्त मधल्या भागात मिळतात, आणि परिमाणे जुळतात ती लहान प्रभारापासून १० सेंटीमीटरवर. +४ च्या जागी −४ ठेवला, तर मधल्या भागात दोन्ही बाण एकाच दिशेने जातात, म्हणून तिथे शोधण्यात अर्थ नाही. शून्य बिंदू बाहेर सरकतो: लहान प्रभाराच्या पलीकडे, त्याच्यापासून ३० सेंटीमीटरवर.

वस्तूचा आकार अंतराच्या मानाने लहान असेल तरच तिला बिंदुप्रभार म्हणता येते. पृष्ठभागावर प्रभार सारखा पसरलेला गोल मात्र कितीही मोठा असला तरी बाहेरच्या बिंदूसाठी सगळा प्रभार केंद्राशी आहे असे धरून हिशेब अचूक येतो.

क्षेत्र एकदा हाती आले की बल काढायला फक्त एक गुणाकार लागतो. आपल्या 'प'पाशी −२ नॅनोकूलोम ठेवला, तर बल २४० × २ = ४८० नॅनोन्यूटन. प्रभार ऋण असल्याने ते क्षेत्राच्या उलट दिशेने, म्हणजे डावीकडे खाली लागेल.