थंडीत डिझेल गाडी सुरू होत नाही? आधी सेल्फचा आवाज ऐका, मग धूर बघा

पहाटेच्या गारठ्यात ट्रॅक्टर किंवा पिकअप सुरू झाला नाही की पहिला संशय पंपावर आणि नॉझलवर जातो. खरा दोष बहुतेक वेळा त्याहून साधा असतो. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी दोनच गोष्टी बघा: सेल्फ मारल्यावर इंजिन किती जोरात फिरतं आणि सायलेन्सरमधून धूर येतो का.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबलेली हवा 500 अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तीत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. इंजिन संथ फिरलं की दाबलेली हवा पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटते आणि उरलेली उष्णता गार सिलेंडर शोषून घेतो. म्हणजे थंडीत नुसतं फिरणं पुरत नाही, जोरात फिरावं लागतं.

सेल्फ कण्हत असेल तर बॅटरीकडे वळा. शून्य अंशाला बॅटरीची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने घटते, उणे 18 अंशांना ती निम्म्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल इंजिनाला अडवत असतं. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मीटर लावा. 12.6 व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली घसरत असेल तर बॅटरी चार्ज करून पुन्हा तपासा. तरीही घसरला तर बॅटरीचं आयुष्य संपत आलंय किंवा सेल्फच जास्त करंट ओढतोय.

पण नवी बॅटरी आणण्याची घाई नको. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचला असेल तर करंट तिथेच अडतो. काढताना निगेटिव्ह आधी, बसवताना शेवटी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून टर्मिनल धुवा, पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, पुसून कोरडं करा, घट्ट आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीची अर्थिंगची वायर चासीला जिथे बसते तो बोल्टही खोलून गंज खरवडा. ही जागा जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. सेल्फ मारून झाल्यावर एखादं टर्मिनल हाताला गरम लागलं, तर ढिला जोड तोच.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमध्ये तापमानानुसार दिलेला असतो. डब्ल्यूच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ राहतं: 20डब्ल्यू-40 पेक्षा 15डब्ल्यू-40 बरं. मात्र तो ग्रेड तुमच्या इंजिनाला चालतो का, हे आधी मॅन्युअलमध्ये पाहा.

आता धूर. इंजिन जोरात फिरतंय, पांढरा धूर निघतोय, पण पेट घेत नाही, याचा अर्थ डिझेल पोहोचतंय आणि उष्णता कमी पडतेय. हीटर प्लग (सुरू करण्याआधी सिलेंडरमधली हवा तापवणारे प्लग) असतील तर एकेक तपासा. चारांपैकी दोन गेले तरी उन्हाळ्यात पत्ता लागत नाही, थंडीत मात्र इंजिन अडून बसतं. चावी फिरवल्यावर हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच सेल्फ मारा. गारठा फार असेल तर हेच दोनदा करा. बऱ्याच ट्रॅक्टरना हीटर प्लग नसतातच. तिथे क्लच पूर्ण दाबून गिअरबॉक्सच्या घट्ट तेलाचा भार काढा आणि हँड थ्रॉटल साधारण अर्ध्यावर ठेवा. सगळं ठीक असूनही रोज सकाळी त्रास आणि गरम झाल्यावर एका सेल्फमध्ये सुरू, असं असेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती दाबतो ते, तपासून घ्या.

धूर अजिबात नसेल तर डिझेलच पोहोचत नाही. इंजिन बंद करण्याचा दांडा ओढलेलाच राहिलाय का, ते आधी बघा. हसू नका, हे घडतं. मग फिल्टरखालचा नट ढिला करून साचलेलं पाणी काढा, हातपंप मारून लाईनमधली हवा काढा. रात्री टाकी भरून ठेवली तर रिकाम्या जागेतल्या हवेचं दव धरून डिझेलमध्ये पाणी उतरत नाही. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर बंद पडतो. त्यावर उपाय हिवाळी डिझेलचा, आणि तो गारठा पडण्याआधी. डिझेल एकदा गोठलं की मेण जमू न देणारं नेहमीचं औषध टाकून ते पुन्हा पातळ होत नाही. रॉकेल मिसळण्याचा जुना सल्ला कॉमन रेल गाडीत (एकाच नळीतून सगळ्या नॉझलना फार दाबाने डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या इंजिनात) वापरू नका. तिच्या पंपाला वंगण डिझेलच देतं आणि रॉकेल ते वंगण कमी करतं.

सेल्फ एका दमात 10 सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये किमान अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फही जळतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे अजिबात नको. तो वेळेआधी पेटून पिस्टन फोडू शकतो. चेंबरखाली (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्याखाली) जाळ करणं किंवा टेंभा धरणं तर थेट आगीला निमंत्रण. त्यापेक्षा इंजिन गरम ठेवणारा विजेचा ब्लॉक हीटर बसवता येतो आणि थंड प्रदेशात त्याला तोड नाही.

रेडिएटरमध्ये नुसतं पाणी असेल आणि तापमान शून्याखाली जाणार असेल, तर सुरू होण्याची चिंता दुय्यम आहे. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि ब्लॉकला तडा जातो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं घेतलं तर उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत संरक्षण मिळतं.

सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका, ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दोन-तीन मिनिटं संथ चालू द्या, मग हलक्या भारावर निघा. इंजिन उभ्यापेक्षा कामावर लवकर गरम होतं. ही दोन-तीन मिनिटं शेडचं दार बंद ठेवून मात्र कधीही नाही, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.