मेंदूच्या एमआरआयला जाताना: पिशवीत काय, घरी काय

मेंदूतली गाठ साधी की कॅन्सरची, याचा अंदाज घ्यायला डॉक्टरांनी डिफ्युजनसकट एमआरआय सांगितला असेल, तर पिशवीत सगळ्यात आधी जुन्या तपासण्यांच्या सीडी टाका. नुसत्या रिपोर्टवर भागत नाही, फिल्मवरही नाही. पाण्याचे रेणू पेशींच्या गर्दीतून किती मोकळे फिरतात ते डिफ्युजन बघतं आणि त्यातून एडीसी हा आकडा निघतो. तो डिजिटल चित्रावरच मोजता येतो. हल्लीच्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नसते, तेव्हा सोसायटीत कुणाकडे जुना कॉम्प्युटर असेल तर आदल्या दिवशीच उघडून बघा. परळच्या हॉस्पिटलात पोहोचल्यावर सीडी कोरी निघाली, तर अर्धा दिवस गेलाच म्हणून समजा.

एका कागदावर ठळक अक्षरात लिहून ठेवा: ऑपरेशन कधी झालं, रेडिएशन कधी संपलं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. ऑपरेशननंतर कडेच्या रक्तपुरवठा तुटलेल्या भागातही पाणी अडतं आणि तारीख माहीत नसेल तर तो भाग उरलेल्या गाठीसारखा दिसू शकतो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड चालू असेल तर डोससकट लिहा. लिम्फोमाची (पांढऱ्या पेशींच्या एका कॅन्सरची) गाठ स्टिरॉइडने तात्पुरती विरघळते, मग बायोप्सीतही काही हाती लागत नाही. गोळी मनाने मात्र बंद करायची नाही. काँट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते औषध) देणार असतील तर क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या रक्ततपासणीचा, ताजा रिपोर्ट लागेल. उपाशी यायचं का, ते सेंटरला फोन करून विचारा.

धातूचं काही अंगावर नको. मंगळसूत्र, बांगड्या आठवणीने निघतात, राहतात त्या ब्लाउजच्या सेफ्टी पिना आणि केसातले आकडे. जोडवी घट्ट असतील तर आदल्या रात्री साबण लावून काढा. पेसमेकर, कानातलं इम्प्लांट, मेंदूतल्या रक्तवाहिनीवरची क्लिप असेल तर त्याचं कार्ड घेऊन अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. सोबतच्या माणसालाही हेच नियम. २०१८च्या जानेवारीत मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या नातेवाईकाचा जीव गेला. तपासणी चालू नसतानाही चुंबक चालूच असतो. दातांच्या तारा किंवा धातूची कॅप असेल तर टेक्निशियनला सांगा, कारण डिफ्युजनचं चित्र धातूजवळ फार वाकडं येतं.

डिफ्युजनचा भाग काही मिनिटांचाच, पण डोकं हललं की बिघडतो. खोकला असेल तर आधी औषध विचारा. बंद जागेची भीती वाटत असेल तर सांगायला लाजू नका. भूल दिली तर मात्र सोबत माणूस हवा आणि परतीला लोकल नको.

रिपोर्टमध्ये ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्युजन’ (पाण्याची हालचाल अडली आहे) असं वाचून तिथल्या तिथे रडायला लागू नका. पेशी दाटीवाटीने असल्या की एडीसी कमी होतो, म्हणून लिम्फोमात आणि वरच्या ग्रेडच्या, म्हणजे जोमाने वाढणाऱ्या, ग्लायोमाच्या (मेंदूच्याच आधारपेशींतून होणाऱ्या गाठीच्या) भरीव भागात तो बहुधा कमी असतो. पण पू भरलेल्या गळवातही कमीच, ताज्या स्ट्रोकमध्येही. एपिडर्मॉइड ही साधी गाठ डिफ्युजनवर लख्ख पांढरी, म्हणजे पाणी अडल्यासारखी, दिसते, तर ग्लायोब्लास्टोमा या सगळ्यात वरच्या ग्रेडच्या ग्लायोमाच्या सडलेल्या मधल्या भागात एडीसी जास्त भरतो. बहुतेक मेनिंजिओमा (मेंदूच्या आवरणाच्या गाठी) साधे असतात, तरी काहींत आकडा खाली येतोच. तेव्हा एडीसी गाठीच्या कुठल्या भागात मोजला, परफ्युजन (गाठीतला रक्तप्रवाह बघणारा एमआरआयचा भाग) केलं का, हे प्रश्न चिठ्ठीवर लिहून ठेवा. एकाच मोजमापाचा आकडा कुणी ०.७ छापतं, कुणी ७००. एकक बघितल्याशिवाय दोन रिपोर्ट शेजारी ठेवू नका. पुढची तपासणी जमल्यास त्याच मशीनवर करा.

निकाल शेवटी पॅथॉलॉजीवाले देतात. म्हणून बायोप्सी आधी झाली असेल तर तिचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) आणि स्लाइडही ओपीडीच्या दिवशी सोबत हवेत. आणि सेंटरमधून निघताना नव्या सीडीवरचं नाव तिथेच वाचून घ्या.