सायबरवेअर बसवताना या चुका टाळा

जळगावात मे महिन्याच्या दुपारी बाहेर पडायची सोय नसते, म्हणून आमचा ‘सायबरपंक रेड’चा डाव कूलरसमोरच्या चटईवर रंगतो. हा फाशांवरचा भूमिका-खेळ: प्रत्येकजण एक कॅरेक्टर चालवतो आणि त्याच्या अंगात यांत्रिक भाग, म्हणजे सायबरवेअर, बसवतो. मध्ये भत्त्याची परात, आणि कॅरेक्टर शीटवर तेलाचे डाग. परवा एक मित्र दलालाचं खोटं पकडायला फासा टाकत म्हणाला, “भो, माझी एम्पथी 6 आहे.” एम्पथी म्हणजे समोरच्याचं मन ओळखायची ताकद. मला शंका आली, शीट ओढून घेतली.

न्यूरल लिंक (मज्जासंस्थेला जोडलेला भाग), दोन सायबर-डोळे, एक सायबर-हात. प्रत्येकी 7, म्हणजे 28 ह्युमॅनिटी (माणूसपणाचे गुण) गेली. एम्पथी 6 म्हणजे सुरुवात 60 ची, त्यातून 32 उरली. एवढं त्याने बरोबर लिहिलं होतं. पण ह्युमॅनिटीचा दशकाचा आकडा हीच चालू एम्पथी. म्हणजे 3! ही चूक जवळपास प्रत्येक नवा खेळाडू करतो, कारण पैसे सगळे मोजतात, हे कोणी मोजत नाही.

त्याहून लपलेली चूक कमाल मर्यादेची. ह्युमॅनिटी खाणारा प्रत्येक भाग ही मर्यादा 2 ने खाली आणतो, बोर्गवेअर (शरीरच मोठं बदलणारा भाग) असेल तर 4 ने. इथे चार भाग, म्हणून 60 ची मर्यादा 52 झाली. थेरपीने 32 वरून वर चढता येतं, पण ते भाग अंगात असेपर्यंत 52 च्या पुढे नाही. शीटवर दोन वेगळे रकाने आखा. पेनाने नको, पेन्सिलीने.

कॅरेक्टर बनवताना प्रत्येक भागाचा ठरलेला आकडा वजा करायचा, खेळ सुरू झाल्यावर फासे टाकायचे. सँडेव्हिस्तान आणि केरेन्झिकोव्ह हे दोन्ही स्पीडवेअर, म्हणजे वेग वाढवणारे भाग; ते एकत्र बसत नाहीत, स्पीडवेअर एकच. ‘शॅडोरन’ या अशाच दुसऱ्या खेळातून आलेल्यांनी तिथलं डोक्यातून काढावं: तिथे एसेन्स (ह्युमॅनिटीसारखाच आकडा) सगळ्यांचं 6 पासून सुरू होतं, मग कॅरेक्टर कितीही मनमिळाऊ असो.

आणि ह्युमॅनिटी शून्याखाली गेली की कॅरेक्टर गेममास्तरच्या, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्या, हातात जातं. तेव्हा “एकच भाग अजून” म्हणणाऱ्याला आधी बेरीज वाचून दाखवायला लावा.

मित्राचा तो फासा 3 धरून पुन्हा मोजला. दलाल थापा मारतोय हे त्याला कळलंच नाही, आणि त्याने अर्धे पैसे आगाऊ देऊन टाकले.