व्हेगन आणि क्रुएल्टी-फ्री मेकअप घ्यायचाय? कोल्हापूरच्या महाद्वार रोडला खरेदीला जायच्या आधी हे वाचा

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, क्रुएल्टी-फ्री आणि व्हेगन हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्ही वेगवेगळे विचारायचे. क्रुएल्टी-फ्री म्हणजे तो माल प्राण्यांवर टेस्ट केलेला नाही, सशाच्या डोळ्यात घालून बघितलेला नाही. व्हेगन म्हणजे आत प्राण्यापासून आलेलं काहीच नाही, मध नाही, दूध नाही, मधमाशीचं मेण पण नाही. त्यामुळं मधाचा लिपबाम क्रुएल्टी-फ्री असू शकतो पण व्हेगन नसतो, आणि उलटं पण होतं, आत सगळं झाडपाल्याचं असतंय पण कंपनी बाहेरच्या देशात टेस्टिंग करून घेते.

आपल्याकडं कॉस्मेटिक्सची प्राण्यांवरची टेस्टिंग २०१४ मध्येच कायद्यानं बंद झाली आणि त्याच वर्षी तसला माल बाहेरून आणायला पण बंदी आली. म्हणून इथं बनलेल्या डबीवर 'नॉट टेस्टेड ऑन ॲनिमल्स' लिहिलंय एवढ्यावर भाळू नका, ते तर कंपनीला पाळायलाच लागतंय. खरं बघायचं ते हे, की कंपनी बाकीच्या देशांत विकताना काय करते आणि तिला कच्चा माल देणारे काय करतात. चीनमध्ये बाहेरून येणाऱ्या मालाला ही टेस्टिंग कितीतरी वर्षं सक्तीची होती, २०२१ पासून शाम्पू-लिपस्टिकसारख्या साध्या वस्तूंना नीट कागदपत्रं दिली तर सूट मिळते, पण हेअर डाय, सनस्क्रीन असल्या वस्तूंना ती सूट नाही.

हे सगळं एकेकट्यानं शोधत बसलं तर जन्म जाईल, तिथं लोगो कामाला येतो. लीपिंग बनी नावाच्या क्रुएल्टी-फ्री सर्टिफिकेटचा उडी मारणारा ससा मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात कच्चा माल देणाऱ्यांपर्यंत तपास होतो आणि कंपनीला दरवर्षी परत हमी द्यायला लागते. पेटा या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेचा पण ससा आहे, त्यात व्हेगन असेल तर तसं लिहिलेलं असतं. लीपिंग बनी मात्र व्हेगनची हमी देत नाही, त्यासाठी व्हेगन सोसायटीचा सूर्यफुलाचा मार्क बघा. काही जण आपल्याच मनानं एखादा गोंडस ससा छापून मोकळे होतात, म्हणून त्या संस्थेच्या वेबसाइटवरच्या यादीत कंपनीचं नाव आहे का ते दुकानात उभ्या उभ्या मोबाईलवर बघून घ्यायचं. आणि हिरवा ठिपका म्हणजे फक्त व्हेज, त्यात दूध, मध, मेण सगळं चालतं.

आता मेन काम, डबी उलटी करा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. दिसत नसेल तर मोबाईलवर फोटो काढून मोठं करा.

लिपस्टिकपासून सुरू करा, कारण ती पोटात पण जाते. लाल-गुलाबी शेडमध्ये कार्माइन किंवा सीआय ७५४७० (सीआय म्हणजे रंगाचा ठरलेला नंबर) दिसलं की ठेवून द्या. फड्या निवडुंगावर कोचिनील नावाचा किडा वाढतो, तो वाळवून-कुटून हा रंग काढतात, थोड्याशा रंगासाठी हजारो किडे जातात. त्याच लालसाठी सीआय १५८५० हा कारखान्यात बनवलेला रंग किंवा सीआय ७७४९१ म्हणजे लोहाचा ऑक्साइड चालतो, त्यामुळं व्हेगन लिपस्टिक फिक्कीच असते असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, गडद मरून पण मस्त मिळतो. पुढं सेरा अल्बा किंवा बीजवॅक्स म्हणजे मधमाशीचं मेण, त्याच्या जागी कँडेलिला किंवा कार्नौबा लिहिलेलं असेल तर ते झाडाचं मेण. लॅनोलिन मेंढीच्या लोकरीतनं निघतं, लिपबाम आणि क्रीममध्ये लई असतंय. हायलायटर, नेलपेंटची मोत्यासारखी चमक कधी कधी ग्वानिनची असते, सीआय ७५१७०, ते माशाच्या खवल्यातनं येतं, चमक हवीच असेल तर मायका म्हणजे अभ्रक बघा. शेलॅक म्हणजे लाखेच्या किड्याची लाख. साबणावर सोडियम टॅलोएट असेल तर ती जनावराची चरबी, सोडियम पामेट पामतेलाचं, सोडियम कोकोएट खोबरेल तेलाचं. कोरियन क्रीममध्ये स्नेल म्युसिन म्हणजे गोगलगायीची चिकटी, केराटिन बहुतेक वेळा जनावराच्या केस-शिंगांतनं, कोलॅजेन कातडी-हाडांतनं आणि सिल्क रेशीमकिड्यापासून येतं.

ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड इथं लेबल वाचून कळत नाही, दोन्ही झाडापासून पण येतात आणि चरबीपासून पण. तेव्हा डबीवरच्या कस्टमर केअरला मेल टाका, दोनच ओळी: 'यातलं ग्लिसरीन आणि स्टिअरिक ॲसिड वनस्पतीपासून आहे का? तुम्ही किंवा तुमचे सप्लायर कुठल्याही देशात प्राण्यांवर टेस्टिंग करता का?' सरळ उत्तर देणारी कंपनी लक्षात ठेवायची, गोल गोल बोलणारी सोडून द्यायची.

दुकानदार 'सगळं हर्बल हाय ताई' म्हणतील, वाईट मनानं नाही म्हणत, पण हर्बल क्रीममध्ये मध आणि दूध सर्रास असतं. आणि ज्या काजळाच्या डबीवर घटकांची यादी, बॅच नंबर, लायसन नंबर काहीच नाही ती वीस रुपयांत मिळाली तरी डोळ्याला लावू नका, ती व्हेगन आहे का हा प्रश्न तर लांबच राहिला.

आपल्या घरातलं बरंचसं आधीच व्हेगन आहे हे मला लई आवडतं. शिकेकाई, रिठा, आवळा काष्ठौषधीच्या दुकानात सुट्टं मिळतं, लाकडी घाण्याचं खोबरेल तेल मिळतं. दिवाळीच्या उटण्यात नागरमोथा, गव्हला कचोरा, आंबेहळद ही सगळी झाडंच, कस्तुरी हळद पण हळदच असते, नावाला घाबरू नका. फक्त उटणं दुधा-सायीत न कालवता गुलाबपाण्यात किंवा तेलात कालवा. आजी लोक कुंकवाखाली मेण लावतात ते मधमाशीचं असतं, तिथं खोबरेल तेलाचं बोट चालतं, मात्र एकदम कमी, नाहीतर कुंकू पसरतं. आजीला तिचं मेण सोडायला लावू नका, तुमच्यापुरतं करा.

आणि हो, तांबडा-पांढरा ओरपणाऱ्यानं व्हेगन लिपस्टिक कशाला बघायची असं घरात कुणीतरी म्हणणारच. मला हे पटत नाही. जेवण बदलायला घर, सण, सवय सगळं हलवायला लागतं, लिपस्टिक बदलायला फक्त पुढची खरेदी बदलायला लागते, आणि त्या सशाला किंवा किड्याला तुमच्या ताटात काय होतं यानं फरक पडत नाही. जेवढं जमतंय तेवढं आजपासून करा.

कुठल्या वस्तूत प्राण्याचं काय असतं हे नीट समजून घ्यायचं असेल तर पुण्यात १९७४ पासून काम करणाऱ्या ब्युटी विदाउट क्रुएल्टी संस्थेची माहिती वाचा. रेडिमेड व्हेगन रेंज हवी असेल तर प्लमसारखे आपले ब्रँड आहेत, पण तिथंही मागचं लेबल वाचायची सवय सोडू नका.

घरात आधीच असलेलं सामान फेकू नका, संपवा किंवा वापरणाऱ्या कुणाला द्या. ब्रश घेताना गोट हेअर, सेबल असं प्राण्याच्या केसाचं काही असेल तर नको, सिंथेटिक घ्या, धुवायला पण सोपे जातात. आणि लग्न ठरलं असेल तर मेकअपवालीला ट्रायलच्या दिवशीच सांगा, कारण खोट्या पापण्या कधी कधी मिंक नावाच्या प्राण्याच्या केसाच्या असतात, ब्रश पण प्राण्याच्या केसाचे असू शकतात आणि ऐन हळदीच्या सकाळी ती दुसरी किट कुठनं आणणार, तिला तुमच्या शेडची लिपस्टिक आणि सिंथेटिक पापण्या आधीच आणून दिल्या तर तिला पण बरं पडतं.