हतबल वाटतं तेव्हा अंबाबाईवर भार कसा टाकावा

आधी कागदावर दोन रकाने आखा: आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं. औषधं, फोन, कर्जाचा हप्ता पहिल्यात. ती कामं देवीवर ढकलू नका. दुसरा रकाना तिला नेमक्या शब्दांत सांगा. ‘सगळं नीट कर’ एवढंच म्हटलं की मन पुन्हा काळजीकडे वळतं.

मग १०८ मण्यांची माळ घ्या. मधल्या बोटावर धरून अंगठ्याने मणी ओढा, तर्जनी लावू नका. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा वेगळा मणी, आला की तो न ओलांडता माळ उलटी फिरवा. मन बहुधा घाईमुळे भरकटतं. एका श्वासाला एकच नाम घ्या. रडू आलं तर येऊ द्या, ती आईच आहे.

मंगळवारी, शुक्रवारी देवळात गर्दी असते. इतर दिवशी पहाटे जा. दर्शनानंतर आवारात दहा मिनिटं तरी टेका. घाबरून नवस मात्र बोलू नका.