साठीनंतर पेटी शिकायचीय? अशी सुरुवात करा

मी ५९ व्या वर्षी पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, हात लावला, त्यामुळे "आता काय शिकणार" हे मनातून काढाच. लगेच नवी पेटी घेऊ नका, आधी दोन-तीन महिने भाड्याने आणा किंवा ओळखीत कुणाच्या माळ्यावर पडलेली असते ती मागा.

पहिला आठवडा फक्त भाता, म्हणजे पेटीत हवा भरणारा मागचा पडदा. डाव्या हाताने हळू, एकसारखा, आपण झोपेत श्वास घेतो तसा, झटका दिला की सूर लगेच हिसका खातो. मग आपला सा, म्हणजे गळ्याला सोयीचा आधारस्वर शोधा, पुरुषांचा साधारण काळी एक-दोनच्या (सप्तकातल्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास, बायकांचा काळी चार-पाच, पण गाऊनच ठरवा.

अलंकार, म्हणजे सारेग, रेगम असे स्वरांचे पलटे, रोज वीस मिनिटं, मग भूप राग घ्या, सा रे ग प ध एवढे पाचच स्वर, म आणि नी नाहीतच. बोटं आखडतात खरं, पण चाळीस वर्षं आरत्या आणि अभंग ऐकलेला कान असतो ना, चुकीची पट्टी दाबली की तोच आधी सांगतो, लहान मुलांना हे नाही मिळत. हुरूप वाटला तर गांधर्वची (अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची) प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा द्या, नातवंडांच्या वयाच्या मुलांशेजारी बसायला अजिबात लाजू नका.